दोन बोटं सैल

“दिवाळीपर्यंत पाहीन,” खुशालराव म्हणाले. “माजावर आली तर राहू दे तुह्या कोठ्यात. नाई आली तर व्यापाऱ्याले देऊन टाकतो. तीन वर्षं झाले न बाई. वगार हाय का भिंतीवरचा फोटो?”

मनकर्णाबाईनं भुरीच्या कानामागं खाजवलं. भुरीनं मान लांब केली आणि डोळे मिटले. आपल्याबद्दल चाललेलं जनावराला कळतं म्हणतात. भुरीला काही कळत नव्हतं.

भुरी खुशालरावांची, खुटा मनकर्णाबाईचा. आमच्याकडे याला बटई म्हणतात. ज्याच्याकडे जनावरं जास्त त्यानं एखादी लहान वगार, म्हशीची कालवड, द्यायची, ज्याच्याकडे नुसते हात आहेत त्यानं ती वाढवायची. ती व्याली की म्हैस मालकाकडे परत, आणि पहिलं पिल्लू वाढवणाऱ्याचं. मनकर्णाबाईचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पोरगी चांदूर रेल्वेला दिली. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणी करण्यात गेलं. स्वतःचं म्हणावं असं जनावर तिच्या दारात कधी बांधलं गेलं नाही. भुरीचं पहिलं पिल्लू ते होणार होतं. आणि भुरी माजावर आलीच नाही तर तो व्यापारी तिला कुठं नेणार, हे गावात कोणी विचारत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं.

आमचं गाव दर्यापूर आणि अकोल्याच्या मधे, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी जिभेवर धरवत नाही. नळाचं गोडं पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि त्यातलं अर्धं मनकर्णाबाई भुरीला पाजायची. स्वतःचा चहा बोअरच्या पाण्याचा. “चहात समजत नाई,” म्हणायची. समजतं. मी प्याले आहे तो चहा. दूध घातलं की फाटतो.

मी शालू. माझं काम शिवणाचं. सात वर्षांपूर्वी अकोल्याला बायकांसाठी जनावरांचं तीन दिवसांचं शिबिर होतं, जेवण चांगलं असतं असं ऐकून मी गेले आणि एक पुस्तिका घेऊन परत आले. ती वाचून झाली तेव्हा दुसरी मागवली. मग रद्दीत जनावरांच्या डॉक्टरकीचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक सापडलं, ते शब्दकोश मांडीवर घेऊन दोन वर्षं वाचलं. अकरावी नापास बाई वगारींची वजनं काढत फिरते म्हणून लोक आधी हसले, नंतर बोलवायला लागले. जनावराचा काटा कोणाकडे असतो? टेप माझ्याकडे होता. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं, आणि सहाशे साठनं भागायचं. मोजायचं इंचात, उत्तर किलोत.

“काहून येत नाई व माजावर?” मनकर्णाबाईनं मला विचारलं. “नजर लागली का कोणाची?”

“नजर नाही, मावशी. कुटार लागलं.”

तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, खाऊन पोट भरतं, अंग भरत नाही. मी तिला सांगितलं की जनावराचं वय झालं म्हणून अंडं पिकत नाही, वजन झालं म्हणून पिकतं. अंगावर जरा चरबी धरली की त्या चरबीतून एक रस रक्तात उतरतो. तो मेंदूपर्यंत पोचला की मेंदूला कळतं, आता एक जीव पोसण्याइतकं आहे घरात. मग मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते, ती अंडाशयाला ठोके द्यायला लागते. आधी लांब लांब, मग जवळ जवळ. ठोके जवळ आले की अंडं फुगतं, फुटतं, आणि वगार माजावर येते. वजन नसलं तर ठोके लांबच राहतात. वगार चांगली असते, गर्भाशय चांगलं असतं, आतून फक्त होकार येत नाही.

मनकर्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे कोठीत दाणे नसले तर थे पाहुण्याले बोलवत नाई,” ती म्हणाली. “माह्यापेक्षा शहाणी हाय. माह्या घरी तर न बोलवता येतात.”

आषाढापासून आम्ही दोघी भुरीच्या मागं लागलो. मनकर्णाबाई निंदणाहून येताना डोक्यावर हिरव्या गवताचा भारा आणायची. सरकीची ढेप रात्रभर भिजवून सकाळी द्यायची. जंताचं औषध मी पाजलं, त्यात माझी साडी गेली. दर पंधरा दिवसांनी मी टेप घेऊन जायची आणि मनकर्णाबाई शिंग धरून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. पोरीच्या निकालाला उभी राहिल्यासारखी.

आमच्याकडे अमोल येतो मोटरसायकलवर. गाई-म्हशींना भरवायच्या, म्हणजे गाभण करायच्या सुया त्याच्याकडे, माजावर आणायच्याही. पोरगा कामाचा पक्का. “अडीचशे किलोच्या खाली मी सुई लावत नाई, ताई,” त्यानं सांगून ठेवलं होतं. “लहान वगारीले जबरदस्तीनं माजावर आणता येते. लागतेही कवाकवा. मंग व्यायच्या वक्ती आपल्याले तोंड लपवा लागते.”

दसऱ्यानंतर मी घेर घेतला. बासष्ट इंच. लांबी चव्वेचाळीस. गुणाकार दोनदा केला. दोनशे छप्पन्न.

“भरली?” मनकर्णाबाई.

“भरली.”

तिनं शिंग सोडलं आणि खाली बसली.

अमोल आला, त्यानं कागद पाहिला, भुरीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. “बारीक वाटून राहिली न, ताई?”

“पूर्णाथडीची जात आहे, अंगानं लहानच दिसणार,” मी म्हणाले. “हातानं काय चाचपतोस? आकडा बघ.”

त्यानं आकडा बघितला. पुढं माझ्या कानात फार दिवस राहिलं ते माझंच ‘आकडा बघ’.

नऊ दिवसांचा सुयांचा कोर्स झाला. दहाव्या दिवशी सकाळी भुरी ओरडली. म्हशी माजावर आल्या तरी बऱ्याचदा मुक्या राहतात, कोणाला पत्ता लागू देत नाहीत. भुरीनं मात्र अख्खी आळी जागी केली. मागून काचेसारख्या चिकट्याची तार लोंबत होती. खुशालराव स्वतः येऊन उभे राहिले. “मुऱ्ह्याचंच भर,” त्यांनी अमोलला सांगितलं. “दूध पाह्यजे. शो कराले नाई पाह्यजे.” मुऱ्हा म्हणजे दांडगी जात, पिल्लूही मोठं. मी अडवलं नाही. दोनशे छप्पन्नला चालेल असं वाटलं.

तीन महिन्यांनी अमोलनं हात घालून पाहिलं आणि कोपरापर्यंत भरलेला हात तसाच वर करून ओरडला, “लागली!” मनकर्णाबाईनं गूळ-शेंगदाणे वाटले. खुशालरावांकडे स्वतः घेऊन गेली. त्यांनी शेंगदाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, “आता टोणगा नको देऊ म्हणा तिले.”

चैत्रात लग्नाचे ब्लाउज आले. जानरावांची पोरगी आचल मापाला उभी होती. अमरावतीला कॉलेजात जाते, बोलायला तिखट.

“काकू, मागच्यासारखा ढगळा नका करू. तुमचा हरेक ब्लाउज मापापेक्षा मोठा असते.”

“काही मोठा नसतो. तूच वाळली.”

“वाळली नाई. मी घरी मोजून पाह्यला. दोन इंच. हे पाहा, हे काय करून राहिले तुमी?” तिनं माझा हात धरला आणि टेपखालून माझी दोन बोटं बाहेर काढली. “बोटं काढा न आतून!”

मी अमरावतीला राजापेठेत माझ्या सख्ख्या मावशीकडे शिवण शिकले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मावशीनं शिकवलं होतं की टेप फिरवल्यावर आत दोन बोटं सरकवायची आणि मग आकडा वाचायचा. नाहीतर बाई भाकरी थापायला बसली की काखेत उसवतं. तीस वर्षं हात आपोआप जात होता. बायकांच्या छातीला गेला तसा वगारींच्या छातीला गेला.

आचलला तसंच उभं ठेवून मी टेप घेऊन निघाले. भुरी रवंथ करत होती. आता ती गाभण, आता घेऊन काय कळणार. पण मी दोनदा घेर घेतला, बोटं घालून आणि बोटं काढून. फरक दोन इंचांचा. घरी येऊन दसऱ्याचा कागद काढला आणि बासष्टच्या जागी साठ घातले. दोनशे चाळीस.

सोळा किलो. गहू असते तर एक पिशवी.

मी मनकर्णाबाईला सांगितलं. चुलीपाशी बसून, तोंडावर. तिला आधी समजलं नाही. तिला वाटलं मी सांगतेय की गर्भ नाहीच. गर्भ आहे म्हटल्यावर ती हसली. “मंग काय झालं?”

“तिचं हाड लहान आहे, मावशी. कमी वजनाची असताना भरवली. व्यायला जड जाईल.”

ती बराच वेळ चुलीतली काडी मागंपुढं करत राहिली. “खुशालरावले नको सांगजो,” मग म्हणाली. “थो आताच घेऊन जाईन. गाभण म्हणून विकीन. ज्यानं घेतली त्याच्या घरी मरीन थे. माह्या घरी निदान मी हावो.”

मी नाही सांगितलं. माझी ही दुसरी चूक.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर माधवी मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाच महिने उलटलेत, आता हात लावू नका, म्हणाल्या. आता भुरीला वाढू द्या, हाड वाढेल तेवढं वाढेल. पण शेवटचे दोन महिने ढेप आवरा. त्या दोन महिन्यांत जे चाराल ते आईला लागत नाही, पिल्लाला लागतं.

शेवटचे दोन महिने लागले तेव्हा मी मनकर्णाबाईला हे सांगितलं, पण फाटकाशी उभ्यानं, कारण अमरावतीहून माझी शिवणाची मावशी पडल्याचा फोन आला होता आणि माझी बस होती. “शेवटी ढेप कमी,” मी म्हणाले. “बरं,” ती म्हणाली. मावशीची कंबर जोडायला आणि तिला परत चालती करायला दीड महिना गेला. इकडं मनकर्णाबाईनं विचार केला. चार महिने हीच शालू आपल्या मागं लागली होती की अंग भरू दे, अंग भरू दे. वजन कमी म्हणूनच तर घोळ झाला. मग आता कमी कशी द्यायची? बोलण्यात चुकली असेल बिचारी, बसच्या घाईत. तिनं ढेप वाढवली. त्यासाठी स्वतः एक वेळ जेवली.

मी आले तेव्हा भुरी कशी दिसत होती म्हणून सांगू. चकचकीत. पोट दोन्हीकडं फाकलेलं आणि मागचा भाग तसाच अरुंद, कालवडीसारखा. मनकर्णाबाई अभिमानानं बाजूला उभी होती. “पाय कशी भरली!”

मी म्हटलं, “छान झाली, मावशी.” काय म्हणणार?

भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी व्यायला बसली. फुगा फुटला, दोन खुरं दिसली, आणि तिथंच थांबलं. नऊ वाजले, दहा वाजले. अमोल आला. त्यानं हात घातला आणि माझ्याकडे बघितलं नाही. माधवी मॅडमना फोन लागला, त्या यायला साडेबारा झाले. पिल्लाच्या पायांना दोर लावून तीन माणसं ओढत होती, मॅडम आत हात घालून डोकं वळवत होत्या आणि दर कळेला ओरडत होत्या, “आता! आता! थांबा!” मनकर्णाबाई भुरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. भुरीची जीभ तिच्या पदरावर आली होती.

पिल्लू जिवंत निघालं. वगार. मोठी, ओली, आईपेक्षा काळी. अमोलनं नाकातला चिकटा काढला, गवतानं चोळलं, तशी ती शिंकली. एवढ्यातही मनकर्णाबाई हसली.

मग भुरीनं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय रोवले, मान झटकली. मागं काहीच हललं नाही. पुन्हा केला. मॅडमनी मागच्या पायात सुई टोचून पाहिली.

“आतली नस दाबली गेली,” त्या म्हणाल्या. “कधी कधी येतं परत. दहा दिवस बघू. दर तीन तासांनी कूस बदला, खाली जाड कुटार घाला. दहा दिवसांत उभी राहिली नाही तर…” त्यांनी हातमोजे काढले.

खुशालराव आले तोवर दार माणसांनी भरलं होतं.

“उपाशी मारली माही वगार,” ते म्हणाले. “हाडाचा सापळा करून ठेवला होता, अन् आता दोन महिने चारून लोकायले दाखवते.”

“उपाशी नाही मारली, भाऊ,” मी म्हणाले. “वजन मी काढलं होतं. माप चुकलं माझं. दोनशे चाळीसची होती, मी दोनशे छप्पन्न लिहिलं. अमोलला ती बारीक वाटत होती. चैत्रातच कळलं मला, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.”

खुशालरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“तू शिलाई कर न व शालू,” ते म्हणाले. “तुले डॉक्टर कोणं बनवलं?”

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतं, खरं होतं.

ते मनकर्णाबाईकडे वळले. “बटई म्हंजे बटई. मी शब्दाचा पक्का हावो. पारडू तुहं. म्हैस माही. उद्या टेम्पो सांगतो.”

मनकर्णाबाई अजून भुरीचं डोकं मांडीवर घेऊनच बसली होती. “पारडू घेऊन जा, भाऊ,” ती म्हणाली. “हे राहू द्या मले.”

“काय?”

“बदला करा. पारडू तुमाले. भुरी मले.”

“अवं लंगडी हाय थे! उठणार नाई!”

“मॅडमनं दहा दिवस देले न.”

“येडी झाली काय व तू?” मागून कोणीतरी म्हणालं. खुशालरावांनी माधवी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी खाली पाहिलं. मग त्यांनी पारडू उचलून खांद्यावर टाकलं आणि गेले. सौदा त्यांच्याच फायद्याचा होता, तरी जाताना तेच चिडलेले होते.

भुरी अकरा दिवस पडून होती. पोत्यांचा झोळ करून आम्ही तिला आढ्याला टांगून उभी करायचो. मी, अमोल, शेजारचा श्रावण. पुढचे पाय उभे राहायचे, मागचे चिंधीसारखे. झोळ सोडला की ती खाली बसायची आणि आमच्याकडे बघायची. कूस बदलताना मनकर्णाबाई तिच्याशी बोलायची, “चाल व माय, जरा इकडं.” दूध मात्र येत होतं. पहिल्या दिवशीचा चीक तिनं भुरी आडवी असतानाच काढला, गंजात भरला, पदराखाली धरला आणि खुशालरावांच्या कोठ्यात घेऊन गेली. आईचा चीक मिळाला नाही तर पारडू जगत नाही, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. रोज दोनदा जायची. बोटं दुधात बुडवून पारडाच्या तोंडात द्यायची, ते चोखायचं. खुशालरावांच्या बायकोनं एकदा विचारलं, “अवं, आमच्याच दोन म्हशी दूध देते, तू काहून येतं एवढ्या लांब?” मनकर्णाबाई म्हणाली, “याच्या मायचं हाय हे.”

नवव्या दिवशी भुरीच्या मांडीवर जखमा आल्या. दहाव्या दिवशी तिनं खाणं सोडलं. अकराव्या दिवशी मनकर्णाबाईच मला म्हणाली, “मॅडमले बोलव.” मॅडमनी शेवटची सुई दिली. मनकर्णाबाईनं तेव्हा डोकं मांडीवर नाही घेतलं. बाहेर ओट्यावर पाठ करून बसली, आणि झाल्यावर विचारलं, “झालं?” खड्ड्याला जागा खुशालरावांनी दिली, त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर. मागितली नव्हती.

ती त्यांच्या कोठ्यात जायची थांबली. न्यायला काही राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या ओट्यावर बसले होते. खुशालराव आले, खांद्यावर पारडू. पारडाची मान लुळी पडली होती आणि शेपटीखाली घाण लागलेली.

“पीत नाई,” ते म्हणाले. “बाटली लावली, म्हशीखाली लावलं, बायकोनं बोटं देले. तोंड फिरवते. दोन दिवस झाले.” त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि सोबत आणलेली दुधाची बरणीही ठेवली. “तू पाय. बटईनंच. अट तेच, पहिलं पिल्लू तुहं.”

मनकर्णाबाईनं पारडाला हात लावला नाही. मला वाटलं लावेल. “अट मी सांगतो,” ती म्हणाली.

“सांग.”

“दिवाळी नाई, दसरा नाई. साल नाई सांगाचं मले कोणं. तिच्या अंगात येईन तवा येईन. सुई लावाची नाई. तुमचा व्यापारी माह्या दारात दिसला नाई पाह्यजे. चार साल लागो का पाच.”

“पाच साल कोण पोसते व रिकामी वगार?”

“मी. तुमाले कोण म्हणून राहिलं?”

खुशालराव उन्हात उभे राहिले. पारडानं एक बारीक आवाज काढला, ओरडण्याइतका जोर नव्हता त्यात. “बरं,” ते म्हणाले, आणि वळून गेले.

तिनं बरणीचं झाकण काढलं, बोटं बुडवली, पारडाच्या तोंडात दिली. बराच वेळ काही झालं नाही. मग गालफड हललं. मी वाकून बघत होते.

“शालू,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू घरी जा. उद्या येऊ नको. मले तुह्या तोंडाचा राग येऊन राहिला. आठ-दहा दिवस येऊ नको.”

“बरं, मावशी.”

“मंग ये.”

मी उठले. दहा दिवस मी घरीच होते, ब्लाउज उसवून पुन्हा शिवत होते. अकराव्या दिवशी गेले. तिनं पाट टाकला नाही, पण हाकललंही नाही. पारडू उभं होतं. मी दारातच बसले.